एन-चारची डिश

एन-चारची डिश मी बघायची नाही, असं ठरलेलं होतं. खांबेटे मॅडमनी ते ठरवलं होतं आणि मी मान डोलावली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये कुणी नव्हतं, आणि मी ती बघितली.

मायक्रोस्कोपच्या मानेला खंडेनवमीचा झेंडूचा हार अजून लटकत होता. तो बाजूला सारून मी डिश ठेवली, दिवा लावला आणि डोळे टेकवले. प्रत्येक पेशीच्या मध्याशी, केंद्रकाला बिलगून बसलेला एक हिरवा पुंजका दिसायला हवा होता. दिसला तो चुरा. या पेशीत, शेजारच्या पेशीत, तिच्या शेजारच्या पेशीत, जिथे बघावं तिथे हिरवे ठिपके पांगलेले.

एन-चार म्हणजे मी होते.

हे जरा फोडून सांगायला हवं, नाहीतर माझ्या भीतीला काही अर्थ लागणार नाही. आमच्या लॅबमध्ये माणसाच्या कातडीतल्या पेशी घेऊन त्यांच्यापासून चेतापेशी तयार करत. ज्या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात, हात जातात, पाय जातात, शेवटी घास गिळणंही जातं, त्या आजाराच्या रोग्यांच्या पेशी आमच्याकडे होत्या. त्यांच्याशी ताडून बघायला धडधाकट माणसांच्या पेशीही लागत, त्यांना आम्ही कंट्रोल म्हणत असू. लॅबची रीतच होती, नवा माणूस आला की त्यानं आपल्या दंडाची चण्याच्या डाळीएवढी कातडी द्यायची. मीही मोठ्या फुशारकीनं दिली होती. माझ्या डिशवर पडलेलं नाव एन-चार. एन म्हणजे नॉर्मल.

आम्ही बघत होतो तो हिरवा पुंजका म्हणजे गॉल्जी, पेशीतलाच एक भाग. पेशीत जे जे बनतं ते आधी गॉल्जीत येतं. तिथे त्याच्यावर शेवटचा हात फिरतो, कुठे जायचं ते ठरतं, पुड्या बांधल्या जातात आणि माल रवाना होतो. इतर पेशींचे पत्ते जवळचे असतात. पण कण्यातल्या चेतापेशीचा शेपटा पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो, आणि तिथवरचा बराचसा माल कण्यातल्या त्या एवढ्याशा पुंजक्यातूनच जातो. आमच्या रोग्यांच्या पेशींत बाकी काही बिघडलेलं दिसायच्या आधी हा पुंजका फुटलेला दिसे. त्याला इतकं चमकतं हिरवं केलेलं असे, की नवशिक्यालाही फुटलेलं ओळखता यावं.

आणि त्याच उन्हाळ्यात माझ्या वडिलांच्या, नानांच्या, उजव्या अंगठ्यातली ताकद गेली होती. मिरजेतल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात आधी कुणाला?" नाना म्हणाले, "थोरल्या भावाला. पण त्याला वात होता." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. नंतर मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचंही रक्त तपासता येईल. तुमची इच्छा असेल तर."

मी म्हटलं, "बघू." आणि बघितलं नाही. पुण्याला परत येऊन मॅडमना तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुसरा कंट्रोल तयार होईपर्यंत एन-चार तन्वीर बघेल. तू त्या डिशकडे फिरकायचं नाहीस." त्या शहाण्या होत्या.

मागे दार वाजलं. तन्वीर मुजावर आत आला. हा आमचा इचलकरंजीचा सीनियर. लॅबमध्ये याच्याइतकं कुणी बोलत नसे आणि याच्याइतकं कुणी कामही करत नसे.

"काय शलाकाबाई, सोनं लुटून झालं का? आमच्या वाट्याची आपट्याची पानं कुठायत?"

मी डोळे वर केले नाहीत.

"अगं, बोल की. हार मायक्रोस्कोपला घातलाय, तुझ्या तोंडाला नाही."

"तन्वीर, हे बघ."

त्यानं डिशवरचं नाव वाचलं आणि त्याची थट्टा तिथेच थांबली. तो वाकला. चाक फिरवून त्यानं खूप वेळ पाहिलं, डिश सरकवली, पुन्हा पाहिलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहरा कोरा ठेवायचा त्याचा प्रयत्न मला दिसला, आणि तो प्रयत्न दिसला म्हणूनच मी जास्त घाबरले.

"गेल्या आठवड्यात कशी होती?" मी विचारलं.

"छान होती."

"खरं सांग."

"आईशप्पथ छान होती. गोळे कसे टपोरे होते."

"मग आठवड्यात सुरू झालं."

"शलाका, ही डिश आहे. हा तुझा कणा नाही."

"पेशी माझ्याच आहेत ना?"

माझी डावी पापणी फडफडायला लागली. आमच्या रोग्यांच्या कागदांत मी कितीदा वाचलं होतं, स्नायू असे बारीक फडफडतात. मी पापणी बोटानं दाबून धरली. मग वाटलं, बोटात जोर कमी आहे. मग अंगठा तर्जनीवर दाबून पाहिला. एकदा घाबरलेला माणूस स्वतःच्या अंगात काय काय शोधून काढतो याला काही सुमार नसतो.

मॅडम आल्या तेव्हा मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. तन्वीरनं त्यांना थोडक्यात सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि विचारलं, "बाकीच्या डिशा पाहिल्यास का?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही."

"चार वर्षं काय शिकवलं मी तुला?" त्या म्हणाल्या. आवाज मात्र मऊ होता. "तन्वीर, सगळ्या काढ. उंदराच्या पिल्लांच्या पेशींच्यासुद्धा."

तन्वीर एकेक डिश ठेवत गेला. रोग्यांच्या फुटलेल्या होत्या, त्यात नवल नव्हतं. तन्वीरची स्वतःची, एन-दोन, फुटलेली होती. ती बघताना तो म्हणाला, "च्यायला, मीपण का?" उंदराच्या पिल्लांच्या पेशी, ज्यांना कसलाही आजार असण्याचं कारण नव्हतं, त्याही फुटलेल्या.

"सगळ्यांना एका वेळी आजार होत नाही," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना एकच गोष्ट मिळालीय. पाणी कधी बदललंस?"

"नवमीला संध्याकाळी. पूजा झाल्यावर," तन्वीर म्हणाला.

आमच्याकडे पेशींसाठी दोन पाणी असत. एक साधं, त्याच्या बाटलीला पांढरं झाकण. दुसऱ्यात पोटॅशियम जास्त, त्याला लाल झाकण. ते घातलं की चेतापेशी खवळतात, एकसारख्या पेटत राहतात. बाटल्या सारख्याच. चिठ्ठ्या फ्रीजच्या ओलीनं गळून पडत, म्हणून सगळा कारभार झाकणाच्या रंगावर चाले. नवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची आणि बाटल्यांची पूजा केली होती. तन्वीरनं सेंट्रिफ्यूजला स्वतःच्या हातानं हार घातला होता आणि पेढ्यांचा अर्धा पुडा संपवला होता.

मॅडम फ्रीज उघडून तशाच उभ्या राहिल्या.

"झाकणांवर हळदकुंकू होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "मला ते बघवेना. मी दोन्ही झाकणं काढून नळाखाली धुतली."

"आणि परत लावली," तन्वीर म्हणाला.

"आणि परत लावली."

खात्री करायला त्यानं जादा पेशींची एक डिश घेतली. या पेशी पेटल्या की लकाकत. पांढऱ्या झाकणाच्या बाटलीतला थेंब पडला आणि पडद्यावर सगळी डिश लखलखली. लकाकी विझेचना. झाकणांची अदलाबदल झाली होती.

खवळलेल्या चेतापेशीचं गॉल्जी पांगतं, हे आम्हाला वाचून माहीत होतं. शांत झाली की ते पुन्हा गोळा होतं, हेही माहीत होतं. तन्वीरनं सगळ्या डिशांचं पाणी बदललं. या वेळी त्यानं बाटलीच्या अंगावरच मार्करनं हातभर अक्षरात लिहिलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत कळेल," तो म्हणाला.

"सगळ्यांचं गोळा झालं आणि माझंच नाही झालं तर?"

मॅडम माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "नीट ऐक. गोळा झालं म्हणजे तू निरोगी, असं सिद्ध होत नाही. नाही झालं तर तू आजारी, असंही सिद्ध होत नाही. ही तपासणीच नव्हे. खरी तपासणी तुला माहीत आहे आणि ती करायची की नाही हा तुझा प्रश्न आहे."

"हो."

"पटलं का?"

"हो," मी म्हटलं. अक्षरही पटलं नव्हतं.

"घरी कधी गेली होतीस?"

"गणपतीत. दीड दिवस."

"मग जा. इथे बसून त्या डिशला दृष्ट लावशील."

मी घरी जायचं टाळत होते हे त्यांनी ओळखलं होतं. नानांचे हात माझ्याच्यानं बघवत नव्हते. त्यांच्या दुःखानं बघवत नव्हते असं म्हणायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे त्या हातांत मला माझे हात दिसत.

दुपारच्या गाडीनं मी मिरजेला निघाले. सबंध प्रवासात मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते आणि लावत होते. समोरच्या बाई शेवटी म्हणाल्या, "ताई, बाटली गळती का?" मी बाटली पिशवीत टाकली आणि मांडीखाली हात दाबून बसले. जेजुरी गेली, सातारा गेला, आणि माझ्या मनात तीच हिरवी पांगापांग चालू होती.

घरी नाना अंगणातल्या खुर्चीत बसले होते. सबंध नोकरी त्यांनी रेल्वेच्या टपाल खात्यात काढली. डब्यातल्या आणि स्टेशनातल्या खणांसमोर उभं राहून पत्रं लावायची. हात असा चाले की पत्र खणात पडल्यावर आपल्याला कळावं. आता तो उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, आणि अंगठ्याच्या बुडाशी जिथे मांस असतं तिथे खळगा पडला होता.

"आलीस? बरं झालं. जरा या सुईत दोरा ओव. तुझ्या आईला दिसत नाही."

मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. ही त्यांची जुनीच खोड. मी दारात पाऊल ठेवायचा अवकाश, काहीतरी काम काढायचे. सुईत दोरा ओव, शर्टाचं बटण लाव, बरणी उघडून दे. कॉलेजात होते तेव्हापासून मी यावर कुरकुरत आले होते. आई म्हणायची, "बसू दे की पोरीला," आणि तरी सुई पुढे करायचीच.

दोरा पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा गेला. नाना बघत होते.

"प्रवासानं दमलीस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी त्यांच्यापाशी बसले आणि ठरवलं नव्हतं तरी सगळं सांगून टाकलं. डिश माझी होती एवढंच गाळलं. एका पेशीची गोष्ट म्हणून सांगितलं.

"म्हणजे तुमच्या त्या पेशीत आमचं सॉर्टिंग ऑफिस आहे म्हण," ते म्हणाले.

"तसंच."

"आणि एकच ऑफिस? एवढ्या लांबच्या टपालाला?"

"मुख्य एकच. फांद्यांवर थोडी लहान लहान असतात. तिथल्या तिथे वाटायला."

"असणारच. त्याशिवाय चालायचं नाही." त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, "पुराच्या वर्षी आमचं ऑफिस असंच पांगलं होतं. खण पाण्यात. थोडे लोक मालधक्क्यावर, थोडे प्लॅटफॉर्मवर, जमिनीवर ढीग घालून पत्रं लावत होतो. टपाल बंद पडलं नाही हो. पण उशिरा जायचं, भलतीकडे जायचं."

"मग?"

"मग काय, पाणी उतरलं. एकेक जण आपापल्या खणापुढे येऊन उभा राहिला." ते थांबले. "ती पेशी कुणाची गं?"

"आहे एकाची," मी म्हटलं.

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

जेवायला बसलो. आईनं ताटं वाढली आणि लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी नानांपुढे ठेवली. नानांनी ती डाव्या हातानं माझ्याकडे सरकवली.

"उघड गं जरा."

मी झाकण धरलं आणि पिळलं. हललं नाही. पुन्हा पिळलं. हाताला घाम होता, झाकणावरून बोटं घसरत होती. मी बरणी पोटाशी धरली, दात आवळले, सगळा जोर लावला. झाकण जागचं हललं नाही. माझा अंगठा थरथरताना मला दिसला. मला वाटलं, हेच ते. डिशमध्ये जे दिसलं ते हेच. आता संध्याकाळच्या फोनची वाट बघायचंही कारण नाही.

मी वर पाहिलं. नाना माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. डॉक्टरांनी त्यांना आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मी समोर होते. तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"अहो," आई एकदम म्हणाली, "तिचं काही नाही हो! मीच आज जास्त घट्ट लावलंय. तुम्हीच म्हणालात ना, माझ्यासारखं लाव म्हणून. मला काय अंदाज, मी पदरानं धरून आवळलं..."

आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

बाहेर शेजाऱ्यांचा नळ वाहत होता.

"घट्ट लाव म्हणजे?" मी विचारलं. "कशासाठी?"

आई नानांकडे बघायला लागली. नाना ताटाकडे.

मग माझं मला कळलं. सुई, बटण, बरणी. काकांचे हात गेले तेव्हा मी शाळेत होते. सगळे वात म्हणत होते आणि नानाही म्हणत होते. पण मी होस्टेलवरून पहिल्यांदा घरी आले त्या दिवसापासून ते मला काहीतरी उघडायला, ओवायला, पिळायला देत आले होते. झाकण आदल्या रात्री स्वतः आवळून ठेवायचे, आधी आपला हात बघायला आणि मग माझा. या वर्षी त्यांच्याच्यानं ते लागेना, म्हणून त्यांनी आईला बसवलं होतं. मी एक सकाळ घाबरले होते. ते इतकी वर्षं घाबरलेले होते, आणि दर वेळी माझ्याकडे बघून हसत म्हणायचे, उघड गं जरा.

"नाना," मी म्हटलं.

"आण इकडे," ते म्हणाले. त्यांनी आपला उजवा हात उचलून झाकणावर ठेवला. त्यात काही जोर नव्हता. "तू वरून धर. पदर घे आईचा, घसरणार नाही."

मी आईचा पदर झाकणावर घेतला, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि पिळलं. झाकण कटकन सुटलं. आई रडत रडत लोणचं वाढायला लागली आणि तिनं माझ्या ताटात तीन वेळा वाढलं.

संध्याकाळी तन्वीरचा फोन आला. मी अंगणात नानांच्या शेजारीच होते. फोन स्पीकरवर टाकायला मी घाबरत होते, तरी टाकला.

"शलाके, गोळा झालं बघ. उंदीर, मी, सगळे. आणि एन-चार म्हणशील तर माझ्यापेक्षा टपोरी. नाद नाही करायचा."

"नक्की?"

"मॅडमपण रविवारच्या येऊन बघून गेल्या. आता जेव आणि झोप."

नाना कान देऊन ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "एन-चार म्हणजे तूच ना?"

"हो."

"मग आता नक्की काय समजायचं?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण त्यांनी मला इतकी वर्षं न बोलता तपासलं होतं, त्यांना खोटं चाललं नसतं.

"काही नाही समजायचं, नाना. ती खवळली होती. आता शांत झाली. एवढंच."

"बरं," ते म्हणाले. "एवढं पुष्कळ झालं."

त्यानंतर मी दर पंधरवड्याला घरी जात राहिले. नाना पुढच्या दोन दिवाळ्या पाहून गेले. शेवटी मी त्यांना भरवत असे, आणि बरणी मी त्यांच्यासमोर धरून उघडत असे, न सांगता.

रक्त मी आजतागायत तपासलेलं नाही. नानांचा अंगठा ज्या वयात गेला त्या वयाच्या मी आता पुढे आले आहे. माझी मुलगी कोल्हापूरला होस्टेलवर असते. दर सुट्टीला ती दारात पाऊल ठेवते आणि मी तिला म्हणते, "ही बरणी उघड गं जरा." ती कुरकुरते, पिशवी खाली ठेवते आणि एका झटक्यात उघडते.

तिला काही सांगितलेलं नाही. झाकण आदल्या दिवशी मी स्वतः आवळते.